खिशातला वस्ताद

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात भगवा चौकापासून लाइन बाजारापर्यंत संध्याकाळी कुठल्याही कट्ट्यावर नजर टाकावी, दोन-चार डोकी मोबाइलमध्ये खुपसलेली दिसतातच. त्यांतले एखादे डोके रील पाहत नसते, बुद्धिबळ खेळत असते. समोर माणूस नाही. पडद्यावर एक कार्टूनी चेहरा आणि त्याखाली लिहिलेले ‘लेव्हल 3’.

हा लेव्हल 3 वागतो मोठा चमत्कारिक. पहिल्या दहा-बारा चाली मुरलेल्या खेळाडूसारख्या. घोडे वेळेवर बाहेर, राजा कॅसलिंग करून कोपऱ्यात, मधली घरे ताब्यात. मग अचानक तो आपला वजीर प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवतो. पोरगे हसते, वजीर मारते आणि आता डाव खिशात म्हणून सैलावते. पुढच्या चालीपासून चेहरा पुन्हा पक्का खेळू लागतो आणि वीस मिनिटांनी मात होते ती बहुधा पोरालाच. याला खेळता येते की येत नाही?

येते, आणि गरजेपेक्षा फारच जास्त येते. खरी गंमत त्याच्या जिंकण्यात नाही, हरण्यात आहे. यंत्राला बुद्धिबळात बलवान कसे करायचे हे कोडे सुटून पंचवीसहून अधिक वर्षे झाली. त्याला माणसासारखे कच्चे कसे करायचे, हे मात्र अलीकडे कुठे जमू लागले आहे.

वीस चाली मरणाच्या, आठ जगण्याच्या

मोबाइल काय करतो हे पाहायला शाळेतला लाडका डाव घेऊ: चार चालींतली मात. पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, काळ्यानेही तेच केले. पांढऱ्याचा वजीर तिरका निघून उजव्या कडेला जाऊन बसला. काळ्याने वजिराच्या बाजूचा घोडा बाहेर काढला. पांढऱ्याने राजाच्या बाजूचा उंट आणून काळ्या राजाजवळच्या कमकुवत प्याद्यावर रोखला. आता काळ्याची चाल. काळा म्हणजे मोबाइल.

या क्षणी नियमाप्रमाणे काळ्याला 28 चाली खेळता येतात. त्यांतल्या 20 चालींवर पांढरा वजीर ते प्यादे मारून लगेच मात करतो. आठ चालींवर ही मात टळते. त्या आठांतही सगळ्या चांगल्या नाहीत. दोन-तीन अशा आहेत की मात टळते आणि वजीर किंवा राजा संकटात सापडतो.

माणूस इथे धोका ‘दिसला’ म्हणतो. मोबाइलला काहीच दिसत नाही. तो 28 पैकी एकेक चाल मनातल्या पटावर खेळून बघतो, तिच्यावर पांढऱ्याची उत्तरे तपासतो, त्यावर पुन्हा आपली उत्तरे. दरवेळी एकच गृहीत धरतो: समोरचा आपल्याला सर्वांत वाईट पडेल अशीच चाल खेळणार. म्हणून तो अशी चाल निवडतो, जिच्यावर समोरच्याने कितीही चांगले उत्तर दिले तरी आपले नुकसान कमीत कमी होईल. संगणकाच्या बुद्धिबळाचा सगळा इमला या एका कल्पनेवर उभा आहे. अमेरिकी गणिती क्लॉड शॅनन यांनी 1950 साली एका लेखात ती नीट मांडली. त्याच्याही आधी, 1948 मध्ये, ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग आणि त्यांचे सहकारी डेव्हिड चँपरनौन यांनी अशा खेळाचे नियम लिहून काढले होते. ते चालवू शकेल असे यंत्रच हाताशी नव्हते. म्हणून 1952 साली ट्युरिंगनी कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच यंत्राचे काम केले. एकेका चालीला अर्धा-अर्धा तास लागे, आणि एवढे करून ‘यंत्र’ 29 चालींत हरले.

गुणाकाराचा राक्षस

मग सगळ्याच चाली शेवटपर्यंत का तपासू नयेत? कारण आकडे आवरत नाहीत.

> चौकट: डावाच्या सुरुवातीपासून किती वाटा?
> पांढऱ्याची पहिली चाल: 20 प्रकारे
> काळ्याच्या उत्तरासह: 400
> तिसऱ्या अर्ध्या चालीनंतर: 8,902
> चौथ्या अर्ध्या चालीनंतर: 1,97,281
> पाचव्या अर्ध्या चालीनंतर: 48,65,609
> सहाव्या अर्ध्या चालीनंतर: 11,90,60,324
> (एका खेळाडूची एक खेळी म्हणजे अर्धी चाल.)

दोघांनी तीन-तीन चाली खेळल्या की वाटा जवळजवळ बारा कोटींवर जातात आणि खेळ तर अजून सुरूही झालेला नसतो. डावाच्या मध्यात साधारण तीस-पस्तीस चाली उपलब्ध असतात, म्हणजे दर पायरीला आकडा तेवढ्या पटीने फुगतो. शॅनन यांनी बुद्धिबळाच्या एकूण संभाव्य डावांचा ढोबळ अंदाज काढला तो एकावर 120 शून्ये इतका. नुसता वेगवान प्रोसेसर घेऊन हे आटोक्यात येत नाही. त्याला अक्कल लागते, आणि ती अक्कल म्हणजे मुख्यतः काय तपासायचे नाही हे ठरवणे.

पुन्हा त्याच पटाकडे येऊ. मोबाइलने ‘प्यादे पुढे टाकून राजाजवळची वाट अडवावी’ ही चाल आधी तपासली आणि त्यात आपण ठीक राहतो असे त्याला आढळले. आता दुसरी चाल: राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढून वजिरावर हल्ला. वरवर फार आकर्षक. शाळेतली निम्मी पोरे हीच खेळतात. त्यावर पांढऱ्याला चाळीसहून अधिक उत्तरे असतात. पण पहिल्या दोन-तीन उत्तरांतच ‘वजिराने प्यादे मारून मात’ हे उत्तर सापडले, की बाकीची बघायची गरजच उरत नाही. घोड्याची चाल बाद. ती किती वाईट आहे याचा नेमका हिशेब मोबाइल करत बसत नाही. आधीच्या चालीपेक्षा वाईट आहे एवढे त्याला पुरते.

या छाटणीला ‘अल्फा-बीटा’ म्हणतात. तपासण्याचा क्रम चांगला असला, म्हणजे चांगल्या चाली आधी पाहिल्या, तर तेवढ्याच श्रमात जवळजवळ दुप्पट खोल बघता येते. शिवाय वेगवेगळ्या क्रमाने खेळून तोच पट पुन्हा समोर आला, तर ‘इंजिन’, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, जुना निष्कर्ष स्मृतीतून काढते आणि पुन्हा डोके चालवत नाही.  पूर्ण ताकदीने खेळताना मोबाइल गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते ती या तपासणीमुळेच. प्रोसेसरचे सगळे गाभे एकाच वेळी राबत असतात. इंजिन फोनमध्येच असेल तर नेटची गरज लागत नाही. पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर चढून बसली आणि रेंज गेली, तरी डाव चालू राहतो.

पारडे कुणाचे जड?

कितीही छाटले तरी कुठेतरी थांबावे लागतेच. समजा, वीस अर्ध्या चाली पुढे जाऊन इंजिन थांबले. तिथे मात नाही, बरोबरीही नाही. मग हा पट चांगला की वाईट?

जुनी रीत सोपी होती. प्याद्याला 1, घोड्याला आणि उंटाला 3, हत्तीला 5, वजिराला 9 गुण. मोहरे मोजायचे, मग राजा उघडा पडला असेल तर थोडे वजा, हत्तीला मोकळी पट्टी मिळाली असेल तर थोडे अधिक. ॲपमध्ये पटाच्या कडेला जी काळी-पांढरी पट्टी वर-खाली होते आणि ‘+1.5’ असे काही दाखवते, ती याच परंपरेतली. त्याचा ढोबळ अर्थ, पांढऱ्याचे दीड प्याद्याइतके पारडे जड.

आता हा हिशेब माणसाने लिहिलेल्या नियमांवर चालत नाही. जपानमध्ये बुद्धिबळाचा शोगी नावाचा भाऊबंद खेळला जातो. तिथल्या यू नासू यांनी 2018 मध्ये शोगीसाठी एक छोटे ‘न्यूरल नेटवर्क’ तयार केले. असंख्य पट आणि त्यांचे निकाल दाखवून शिकवलेला हा आकड्यांचा एक संच. त्याची युक्ती अशी की एका चालीने पटावरचे एक-दोनच मोहरे बदलतात, म्हणून सगळा हिशेब नव्याने न करता तेवढाच भाग बदलायचा. त्यामुळे ते साध्या प्रोसेसरवरही वेगाने पळते. ‘स्टॉकफिश’ या सर्वांसाठी खुल्या इंजिनाने 2020 साली ते स्वीकारले. लीचेससारख्या ॲपमध्ये संगणकाविरुद्ध खेळताना बहुतेक वेळा समोर हाच स्टॉकफिश असतो.

थांबण्याच्या जागेतही एक मेख आहे. वजिराने प्यादे मारले आणि नेमका तिथेच हिशेब थांबला, तर इंजिनाला वाटते, एक प्यादे कमावले. त्याच्या पुढच्याच अर्ध्या चालीत वजीर मारला जाणार हे त्याच्या नजरेपलीकडे राहते. म्हणून चांगली इंजिने मारामारी चालू असताना थांबत नाहीत. धूळ खाली बसेपर्यंत पुढे पाहतात आणि मगच पारडे तोलतात.

दीड टनापासून खिशापर्यंत

मे 1997 मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच असे हरवले. त्या यंत्राचे वजन सुमारे 1.4 टन होते, त्यात बुद्धिबळासाठी खास बनवलेल्या 480 चिप्स होत्या आणि ते सेकंदाला सुमारे 20 कोटी पट तपासे.

बारा वर्षांनी, 2009 मध्ये, ब्वेनोस आयरेसच्या एका स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ 4’ हा प्रोग्रॅम एका एचटीसी मोबाइलवर खेळायला बसवला गेला. दहापैकी नऊ डाव जिंकले, एक बरोबरीत. ही कामगिरी ग्रँडमास्टरच्याही वरची होती आणि फोन सेकंदाला 20 हजारांहूनही कमी पट तपासत होता. म्हणजे डीप ब्लूच्या दहाहजाराव्या हिश्शाने! फोनची ताकद वाढली हे खरेच, पण त्याहून मोठी वाढ झाली ती छाटणीच्या अकलेत. आज ऊसतोडीच्या पैशातून घेतलेल्या साध्या अँड्रॉइड फोनवरही स्टॉकफिश पूर्ण ताकदीने सोडला, तर माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसनलाही त्याच्यापुढे जिंकण्याची आशा नाही.

याच भागात एके काळी तोडीस तोड खेळाडू मिळणे हीच मोठी अडचण होती. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातर्फे पिढ्यान्‌पिढ्या स्पर्धा भरवल्या. पुढे पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती ठरलेली भाग्यश्री साठे-ठिपसे सांगलीची. कोल्हापूरची ऋचा पुजारी महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. जुन्या पिढीतल्या खेळाडूंना सरावासाठी माणसे शोधत फिरावे लागे. आता प्रतिस्पर्धी खिशात आहे, पण त्याच्याशी रोज हरून कोणाला काय मिळणार? म्हणून त्याला कच्चे करावे लागते.

मुद्दाम हरायचे कसे?

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म 1874 साली बावड्यातल्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात झाला आणि त्यांच्याच काळात कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. इथल्या माणसाला ‘नुरा कुस्ती’ समजावून सांगावी लागत नाही. आधीच ठरवून केलेली, लुटुपुटुची लढत. मोबाइलची लेव्हल 3 ही नुरा कुस्तीच आहे; वाईट खेळणारा मल्ल नव्हे, तर हरण्याचे सोंग घेतलेला बलदंड.

सोंगाचे मार्ग दोन. पहिला: नजर आखूड करायची. इंजिनाला पाचच अर्ध्या चाली पुढे पाहू द्यायचे किंवा सेकंदाचा विसावा हिस्सा एवढाच वेळ द्यायचा. दुसरा: पाय घसरवायचा. स्टॉकफिशमध्ये कौशल्याची पातळी 0 ते 20 अशी ठरवता येते. पातळी खाली आणली की ते आधी चार उत्तम चाली शोधून काढते आणि मग फासे टाकल्यासारखे त्यांतली एखादी दुय्यम चाल उचलते. पातळी जितकी खालची, तितका फाशांचा जोर जास्त.

आता तो फुकट दिलेला वजीर आठवावा. तिथे इंजिनाला काही दिसले नाही असे नव्हते. फासा तसा पडला. पुढच्या चालीला तो नीट पडला, म्हणून खेळही नीट झाला.

तालमीतला वस्ताद नव्या पठ्ठ्याला धरतो तेव्हा तोही मुद्दाम सैल सोडतो. पण पोराने आठवडाभर पट काढण्याचा, म्हणजे पाय धरून पाडण्याचा, सराव केला असेल, तर वस्ताद नेमका पाय पुढे ठेवतो, पोराचा हात बरोबर लागला तरच खाली जातो आणि चुकीचा लागला तर जागचा हलत नाही. काय शिकवायचे आहे हे त्याला ठाऊक असते. फाशांना ते ठाऊक नसते. माणसाच्या चुकीला कारण असते. दूरच्या कोपऱ्यात बसलेला उंट नजरेतून सुटतो, घोड्याची मागे येणारी चाल सुचत नाही, हल्ल्याच्या भरात आपल्याच राजाकडे दुर्लक्ष होते, घड्याळात दहा सेकंद उरले की हात थरथरतो. यंत्रात घातलेली चूक या कशातूनच येत नाही. त्यामुळे लेव्हल 3 ला शंभर वेळा हरवणारे पोरगे शाळेच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत गडबडते. समोरचे पोरगे वजीर फुकट देत नाही, ते निराळ्याच ठिकाणी चुकते.

ॲपवाल्यांनाही हे कळते. म्हणून ते फाशांना चेहरे देतात: आजोबा, आगाऊ मुलगी, हिंस्र राणी. चेस डॉट कॉमने जानेवारी 2023 मध्ये ‘मिटन्स’ नावाची निरागस मांजर आणली होती. तिचे मानांकन, म्हणजे ताकद सांगणारा आकडा, दाखवले होते 1 आणि ती भल्याभल्यांना चिरडत होती. ही विनोदाची गोष्ट, शिकवणीची नव्हे.

चूक शिकणारे यंत्र

टोरांटो विद्यापीठ, कॉर्नेल विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांतल्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रश्नच उलटा केला. उत्तम चाल कोणती, हे विचारायचेच नाही. या जागी अमुक ताकदीचा माणूस कोणती चाल खेळेल, एवढेच विचारायचे. लीचेसवर माणसांनी एकमेकांशी खेळलेले कोट्यवधी डाव सर्वांसाठी खुले असतात. ते घेऊन त्यांनी 1100 ते 1900 मानांकनापर्यंतच्या नऊ गटांसाठी नऊ वेगवेगळी न्यूरल नेटवर्क शिकवली. नाव ठेवले ‘माया’.

माया पुढच्या चालींचा शोध घेतच नाही. पट पाहून ‘असा माणूस इथे बहुधा हे खेळतो’ एवढे सांगते आणि तेच खेळते. माणूस नेमकी कोणती चाल खेळेल, हे तिला निम्म्याहून थोड्या अधिक वेळा बरोबर ओळखता येते. तीस-पस्तीस पर्यायांतून हे प्रमाण थक्क करणारे आहे. चार चालींत मात करण्याच्या त्या डावात 1100 ची माया कधी तो आकर्षक घोडा बाहेर काढेलही, कारण त्या ताकदीची माणसे काढतात. म्हणजे इथे चूक फाशातून येत नाही, लोकांच्या सवयीतून येते. लीचेसवर मायाशी कोणीही खेळू शकते.

मग पूर्ण ताकदीचा स्टॉकफिश नवशिक्याच्या काहीच कामाचा नाही का? एका ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण फार कमी लोक वापरतात. पटावर एक राजा आणि एक हत्ती आपल्याकडे, समोर एकटा राजा, अशी मांडणी करायची. अचूक खेळले तर कुठूनही 16 चालींच्या आत मात होते. एकट्या राजाची बाजू मोबाइलला द्यायची, लेव्हल सर्वांत वरची ठेवायची. तो शक्य तितका तग धरतो, एकही चाल फुकट देत नाही. इथे नुरा कुस्ती नको असते, कारण जिंकणे आपल्या हातात आहे आणि फक्त ते सिद्ध करायचे आहे. पुढचा टप्पा म्हणून राजा आणि एक प्यादे विरुद्ध राजा. असे थोडे मोहरे उरलेले सगळे पट संगणकांनी आधीच पूर्ण सोडवून ठेवले आहेत. सात मोहऱ्यांपर्यंतच्या तक्त्यांना अनेक टेराबाइट जागा लागते, पण पाच मोहऱ्यांपर्यंतचे तक्ते एक जीबीच्या आत मावतात.

फोन बाहेर का ठेवायला लावतात?

माणसाची चूक आणि यंत्राची चूक निराळी दिसते, तशी माणसाची अचूकताही निराळी दिसते. स्पर्धांमधली चोरी पकडण्याचे शास्त्र यावरच उभे आहे. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाचे केनेथ रेगन खेळाडूच्या चाली इंजिनाच्या चालींशी ताडून पाहतात: या मानांकनाच्या माणसाने इतक्या वेळा इतके अचूक खेळावे, ही शक्यता किती? अवघड जागी न चुकणे संशयास्पद. सोप्या जागी इंजिनाशी जुळणे अगदी साहजिक.

एके काळी लॅटव्हियाकडून खेळणारे ग्रँडमास्टर इगोर्स राउसिस यांचे मानांकन पन्नाशी उलटल्यावर वाढत वाढत 2700 च्या उंबरठ्यावर पोहोचले. या वयात बहुतेकांचे घसरते, म्हणून कुजबुज सुरू झाली. जुलै 2019 मध्ये स्ट्रासबर्गच्या स्पर्धेत डाव चालू असताना ते स्वच्छतागृहात फोनसह सापडले. त्यांनी चूक कबूल केली. जागतिक संघटना फिडेने त्यांच्यावर सहा वर्षांची बंदी घातली आणि ग्रँडमास्टर किताब काढून घेतला. फिडेच्या नियमानुसार डाव चालू असताना पंचांच्या परवानगीशिवाय खेळाडूजवळ कोणतेही इलेक्ट्रॉनिक साधन असता कामा नये. ते सापडले की सामान्यतः डाव तिथेच गमवावा लागतो, मग ते बंद असो की चालू.